पूर्णा विरुद्ध येलदरी

“मेला! मेला! तिसरा पण मेला! आता एकच राहिलाय, त्याला सोडत नसतो!”

हे मी ओरडत होतो. मान वाकडी करून खांद्यात फोनचा रिसीव्हर चिमटलेला, दोन्ही हातांत टीव्ही गेमचा रिमोट, समोर चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि त्यात विटांच्या भिंती फोडत खाली येणारे रणगाडे. रिसीव्हरमधून माझा दोस्त त्याहून मोठ्यानं ओरडत होता, “माझे दोनच झालेत लेका! तू आधी सुरू केलंस! परत लाव, परत!”

भिंतीपलीकडं एसटीडीचा बूथ होता. तिथं रांगेत उभ्या असलेल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. तिच्यामागच्या दोघांनी टोप्या काढल्या. पूर्णा स्टेशनात तेव्हा एक मालगाडी उभी होती, तिच्या गार्डानं हिरवी झेंडी खाली घेतली म्हणतात, पण ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून सांगत नाही.

बूथवाल्या चाचांनी भिंतीवर थाप मारली. “अरे मियाँ, आहिस्ता! इधर लोगां मय्यत समझ रैं!”

“मय्यत न्हाई चाचा, गेम हाय.”

“मेरेकू मालूम है. इनकू कौन समझाना?”

आता असले खेळ घरोघर आहेत. इथला माणूस बसल्या जागेवरून अमेरिकेतल्या माणसाशी खेळतो, मध्येच लाइन अडकली की रिमोट आपटतो, कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. माझ्या घरातही हे रोज चालतं. घरातले म्हणतात, तुमच्या काळी असला ताप नव्हता. असला ताप मराठवाड्यात सगळ्यांत आधी मी भोगला, पूर्ण्यात, स्टेशन रोडवरच्या माझ्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या खेळात माझं जे गेलं ते परत आलेलं नाही.

दोस्त आणि मी वालूरकडच्या एकाच खेड्यातले. आमचं घर शेतीवाल्यांचं, मधल्या आळीतलं. त्यांचं घर बौद्धवाड्यातलं. त्याचा बाप लवकर गेला. माय गोधड्या शिवायची. तिच्या हातचा टाका एवढा बारीक, की मुंगीला ओलांडताना पाय उचलावा लागत नसे. तिच्या गोधडीखाली निजलेल्या माणसाला थंडी म्हणजे काय ते दुसऱ्याला विचारून घ्यावं लागायचं.

आम्ही सहावी-सातवीत असताना विद्यापीठाच्या नामांतराची पहिली गडबड झाली. आसपासच्या गावांतून वाईट बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ती माय लेकराबाळांना घेऊन आमच्या शेतातल्या कोठ्यात चार दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोस्तानं मला विचारलं, “रस्त्यानं कुणी आलं तर?”

मी म्हणालो, “येतंय कोण? रस्त्यावर आमची शंभर माणसं उभी हायत. कुऱ्हाडी घेऊन.”

रस्त्यावर माझा बाप एकटा उभा होता. हातात बैलाचा कासरा. तोही बैल सुटला म्हणून धरलेला.

पण दोस्त त्या दुपारी कडब्यावर आडवा झाला आणि झोपला. मायनं माझ्याकडं पाहिलं आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. तेव्हापासून माझा समज झाला की आपलं वाढवून सांगणं हे एक प्रकारचं औषध आहे आणि ते मोजून द्यायची गरज नाही.

पुढं मी पूर्ण्यात दुकान टाकलं. दोस्तानं आयटीआय केलं आणि काम लागेपर्यंत तो माझ्याच दुकानात बसू लागला. एकदा सुटे भाग आणायला मी हैदराबादला गेलो आणि येताना टीव्ही गेमचे दोन संच घेऊन आलो, एक दुकानासाठी, एक विकायला. विकायचा विकला गेलाच नाही, कारण आम्ही दुकान उघडायचंच विसरलो. एका संचाला दोन रिमोट. एक त्याच्या हातात, एक माझ्या. रणगाड्यांच्या कॅसेटमध्ये दोघं एकाच बाजूनं लढायचो आणि तरीही भांडायचो. गिऱ्हाइकांचे रेडिओ फळीवर पडून राहिले. एका रेडिओत चिमणीनं घरटं केलं, पिल्लं उडून गेली, तरी तो दुरुस्त झाला नाही.

मग त्याला येलदरीला लागलं. धरणावरच्या वीजघरात ऑपरेटर. कॉलनीत क्वार्टर मिळालं, मायला तो तिकडं घेऊन गेला. जाताना दुसरा संच मी त्याच्या ट्रंकेत घातला. माझ्याकडचा दुसरा रिमोट खिळ्याला टांगून ठेवला.

पूर्ण्याहून येलदरी म्हणजे परभणी, जिंतूर, दोन एसट्या आणि अख्खा दिवस. भेट होईना. तेव्हा फोनवरून खेळायचं डोकं माझंच. कॉलनीच्या क्लबात फोनही होता आणि टीव्हीही. माझ्याकडं टीव्ही होता, फोन भिंतीपलीकडं चाचांकडं. चाचांचा टेपरेकॉर्डर मी दुरुस्त करून दिला आणि त्या बदल्यात भिंतीतल्या दोन विटा काढायची परवानगी घेतली. त्या भोकातून रिसीव्हर इकडं ओढायचा. दर रविवारी, दुपारी चार वाजता.

खेळ असा. दोघांकडं तीच कॅसेट. मी फोनवर म्हणायचं, “एक, दोन, तीन, सुरू.” दोघांनी एकदम बटण दाबायचं आणि आपापल्या टीव्हीवर खेळायचं. डाव संपला की आपापला स्कोअर सांगायचा. ज्याचा जास्त तो जिंकला. दुसऱ्याचा पडदा कुणालाच दिसत नव्हता. सगळा कारभार शब्दावर. म्हणून पहिल्याच रविवारी दोस्तानं एक नियम घातला.

“शपथ घ्यायची न्हाई.”

“कामून?”

“शपथ घेतली की संशय आला. दोस्तीत कशाला पाहिजे? तू सांगशील ते खरं, मी सांगीन ते खरं.”

मी म्हणालो, “मंजूर.” आणि त्याच डावात माझे अकरा हजार झाले होते ते मी सोळा सांगितले.

आता त्रास ऐका. फोन लावायला घेतला की आधी ती बाई यायची. “इस मार्ग की सभी लाइनें व्यस्त हैं.” तिचा आवाज मी बायकोच्या आवाजापेक्षा जास्त ऐकला असेल. दहादा लावल्यावर लागायचा. लागला की आवाज असा यायचा जणू दोस्त धरणाच्या तळाशी बसून बोलतोय. मी “सुरू” म्हटलेलं त्याला पोचेपर्यंत माझे दोन रणगाडे मारून व्हायचे. तो म्हणायचा तू चोर आहेस. मी म्हणायचो तुझी लाइन चोर आहे. डाव रंगात आला की लाइन तुटायची. लाइन टिकली तर वीज जायची. आणि वीज तयार व्हायची त्याच्याकडं, जायची माझ्याकडून!

“तूच बटन बंद केलंस,” मी ओरडायचो.

“गड्या, आज सुट्टी हाय माझी.”

“मग तुझ्या जोडीदारानं केलं असंल. हरायला लागलास की वीज कशी काय जाती रे दर खेपंला?”

तो हसायचा. त्याचं हसू लाइनीत अडकून उशिरा यायचं, म्हणजे मी दुसरं काही बोलत असताना आधीच्या विनोदाचं हसू ऐकू यायचं. हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं.

कधी क्रॉस कनेक्शन लागायचं. मानवतचा एक कापूसवाला व्यापारी आमच्या डावात येऊन पडायचा. पहिल्यांदा त्यानं शिव्या दिल्या. तिसऱ्या खेपेला विचारलं, “कोण जिंकायलंय?” पुढं पुढं तर त्याला आमच्या स्कोअरची एवढी चटक लागली की कापसाचे सौदे अडले म्हणे. एकदा तो मला म्हणाला, “तुमी दर रविवारी कसे काय हो जिंकता?”

मी म्हणालो, “हात बसलाय.”

खरं तर माझा हात बसलेला नव्हताच. दोस्त माझ्याहून चांगला खेळायचा. दुकानात बसायचा तेव्हा ते रोज दिसत होतं. पण फोनवर तो हरू लागला, दर रविवारी, आणि मी एवढा जिंकू लागलो की मला स्वतःलाच माझा स्कोअर खरा वाटायला लागला. तो बारा हजार म्हणायचा, मी एकवीस. तो म्हणायचा, “लय भारी.” एवढंच. कधी उलट विचारलं नाही. मला वाटायचं, दोस्त भोळा आहे. धरणाच्या काठाला राहून माणूस भोळा होतो, असंही मी लोकांना सांगायचो.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायचे ते दिवस आले, संक्रांतीच्या आसपासचे. चौकात माणसं गटागटानं उभी राहू लागली. पोरांना लवकर घरी बोलावू लागले. गिऱ्हाईक रेडिओ घ्यायला यायचं ते बातम्यांसाठी, आणि काम झालं नसलं तरी तसाच घेऊन जायचं. माझ्याशी रोज बोलणारी दोन माणसं बोलेनाशी झाली. का ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चाचा बूथचं शटर अर्धं ओढून आत बसायचे.

त्या रविवारी सकाळी मी स्टँडवर उभा होतो. परभणीहून एक एसटी आली, तिच्या समोरच्या काचेच्या जागी काच नव्हती. ड्रायव्हरनं कपाळाला टॉवेल बांधलेला, टॉवेल लाल. कंडक्टर म्हणाला, फाट्यावर तोंडं बांधून पोरं बसलीत. कुठल्या बाजूची, कुणाला माहीत. येणाऱ्या जाणाऱ्या गाडीला दगड घालतात. मी जे पाहिलं आणि ऐकलं ते एवढंच. त्यात मी एक टिंब घातलेलं नाही.

चार वाजता फोन लागला. एकाच झटक्यात लागला, ती बाई आलीच नाही. आम्ही डाव टाकला. माझे नऊ हजार झाले. लक्ष नव्हतं.

“किती?” त्यानं विचारलं.

“चौतीस हजार.” तोंडातून निघून गेलं. सवयीनं.

“लय भारी. माझे चौदा.” मग तो थांबला. “ऐक ना. ताईचे दिवस भरलेत, तुला माहीत हाय.” ताई म्हणजे त्याची बहीण, तिचा नवरा पूर्ण्यातच रेल्वेत खलाशी होता. “माय तिच्याकडं यायचं म्हणायलीय. मंगळवारी. मला ड्यूटी हाय, एकटीच येईल. तिकडं कसं काय हाय?”

मी त्याच दमात सांगितलं, “तिला पाठवू नको. फाट्यावर एसट्यांवर दगड घालायलेत. आज सकाळी एका ड्रायव्हरचं कपाळ फुटलं. मी बघितलं. आठ दिवस थांबव.”

पलीकडं नुसती खरखर. मग त्याचं ते उशिरा येणारं हसू आलं, बारीकसं. कशाला हसला कळलं नाही. चौतीस हजारालाच हसला असेल, लाइनीत अडकून आता पोचलं असेल.

“बरं,” तो म्हणाला. “बघतो.”

लाइन तुटली.

तेव्हा माझ्या मनात आलं, की शपथ घ्यायला पाहिजे होती. एकदा नियम मोडला असता तर काय बिघडलं असतं? मी परत लावला. ती बाई आली. परत लावला. परत ती बाई. तिसऱ्यांदा लावणार होतो. पण मला ते नऊ हजार टोचत होते. म्हटलं, तोवर एक डाव टाकू, तेवढ्यात लाइन मोकळी होईल. त्या डावात माझे अठरा हजार झाले, आयुष्यातले सगळ्यांत जास्त, आणि ते सांगायला पलीकडं कोणी नव्हतं. मग चाचांनी शटर पूर्ण ओढलं. सोमवारी बूथ उघडला नाही. पोस्टात जाऊन तार करता आली असती. पण त्यानं “बरं” म्हटलं होतं. मी ते धरून बसलो.

मंगळवारी दुपारनंतर स्टँडकडून एक हमाल सांगत आला, की एक म्हातारी टीव्हीच्या दुकानाचा पत्ता विचारते आहे. मी पळालो.

माय बाकड्यावर बसली होती. एकटीच. उजव्या हाताला तिनं बाळाचं दुपटं गुंडाळलं होतं. नवं, स्वतः शिवलेलं, तीन बाजूंनी शिवून झालेलं. गाडीत बसून चौथी बाजू शिवत होती ती. खिडकीची काच फुटून थेट हातावर आली. सुई कुठं पडली ते तिला कळलं नव्हतं आणि ती तेच सांगत होती.

“सुई ऱ्हायली बघ गाडीत. कुणाला तरी लागंल.”

“माय, तू कामून आलीस? मी सांगितलं होतं ना त्याला!”

“व्हय, म्हनला त्यो. म्हनला, थोडं काय तरी झालंय तिकडं, जास्त न्हाई.” मग माझा चेहरा पाहून म्हणाली, “तू घाबरू नको, लेकरा. काच हाय नुसती.”

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी काचा काढल्या, टाके घातले. तीन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. जखम भरून येईल, म्हणाले, पण ती बोटं वाकायची नाहीत. माय टाक्यांकडं बघत होती. दवाखान्यातल्या त्या काळ्या दोऱ्याच्या ओबडधोबड टाक्यांकडं ती कितीतरी वेळ बघत होती.

चौथ्या दिवशी ताईला मुलगी झाली. नात मायनं डाव्या हातानं घेतली.

दोस्त मिळेल त्या वाहनानं आला होता. दवाखान्यात त्यानं मायचा हात उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला. माझ्याशी बोलला, पण औषधाचं आणि डब्याचं तेवढंच. दोनच दिवस थांबला आणि ड्यूटीवर गेला. रविवार आला, चार वाजले, फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मीही लावला नाही. चाचा भोकातून डोकावून म्हणाले, “आज खेल नै?” मी म्हणालो, “लाइन खराब हाय.” त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, ठेवला, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. संध्याकाळी मी त्या दोन विटा परत बसवल्या.

महिन्याभरानं मायला न्यायला तो आला. परभणीच्या गाडीला वेळ होता म्हणून मायला बहिणीकडंच ठेवून दुकानात येऊन बसला, त्याच्या जुन्या जागेवर. मी चहा सांगितला. टीव्ही समोरच होता.

“एक डाव?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही.

त्यानं खिळ्यावरचा दुसरा रिमोट काढला. त्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली. वायर सुटी झाली होती, ती नीट गुंडाळली, आणि रिमोट परत खिळ्याला अडकवला.

“डाव्या हातानं शिवायलीय,” तो म्हणाला. “टाके वाकडे पडायलेत. उसवती, परत शिवती. दिवसभर तेच.”

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, “तू पाठवलंस कामून रे तिला? मी सांगितलं होतं. दगडाचं सांगितलं, कपाळाचं सांगितलं. पाठवू नको म्हणून सांगितलं.”

तो भिंतीकडं बघत होता. नव्या बसवलेल्या दोन विटांना अजून चुना लावला नव्हता.

मग मी ते बोललो, जे दोन वर्षं बोललो नव्हतो. “गड्या, फोनवरचे माझे स्कोअर खोटे असायचे. सगळे. त्या दिवशीचे चौतीस हजार, ते पण. नऊच झाले होते. फुगवून सांगायचो मी.”

चहा आला होता. त्यानं कप उचलला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

“माहीत होतं,” तो म्हणाला. “तुझं मी निम्मंच धरतो. पहिल्यापासून.”